इंग्लंडच्या वॉर्डात येण्याआधी: ग्लोव्ह्ज, पिशव्या आणि कॅन्युला

तुम्ही विचारलंय, पाच वर्षं मेडिकल वॉर्डात काढलीत, आता इंग्लंडला यायची तयारी आहे, पण मुलाखतीत पर्यावरणाबद्दल, ‘सस्टेनेबिलिटी’बद्दल विचारलं तर काय बोलायचं? आपल्याला तर असलं काही शिकवलेलंच नाही.

शिकवलंय हो. सात वर्षं इथे वॉर्डात काढल्यावर हे खात्रीने सांगते. २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांप्रमाणे पिवळी, लाल, पांढरी, निळी असं रोज वेगळं करताच ना? लाल पिशवीतलं प्लास्टिक निर्जंतुक होऊन, तुकडे होऊन पुन्हा वापरात जातं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मुलाखतीत तेच सांगा, संकोच करू नका.

इथे रंग मात्र बदलतात आणि हात जुन्या सवयीने चालतो. लाल झाकणाचा डबा इथे शरीरातून काढलेल्या भागांसाठी, निळ्या झाकणाचा औषधांसाठी. नारिंगी पिशवी संसर्गजन्य कचऱ्याची. पिवळीवर काळे पट्टे असतील तर ती ‘टायगर बॅग’. संसर्गाची शंका नसलेल्या पेशंटचे पॅड, डायपर, वापरलेले ग्लोव्ह्ज तिच्यात. साधी पिवळी थेट भट्टीत जाते आणि सगळ्यात जास्त इंधन तिथे जळतं. म्हणून एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) इंग्लंडने २०२३ मध्ये लक्ष्य ठेवलं की क्लिनिकल कचऱ्यातला ६० टक्के टायगर बॅगेत जावा, नारिंगीत २० आणि भट्टीत २०. हा आकडा गाठायचा की नाही हे शेवटी बेडजवळ उभ्या असलेल्या नर्सच्या हातात असतं.

एनएचएसने २०२० साली जाहीर केलंय, स्वतःचं थेट उत्सर्जन २०४० पर्यंत आणि पुरवठादारांसकट सगळं २०४५ पर्यंत नेट झिरो, म्हणजे हवेत निव्वळ भर शून्य. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता ग्लोव्ह्ज. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या हॉस्पिटलात २०१८ मध्ये ‘ग्लोव्ह्ज आर ऑफ’ नावाची मोहीम झाली आणि वर्षभरात २१ टन प्लास्टिक वाचलं. त्यांनी कुणाला ग्लोव्ह्ज नाकारले नाहीत, फक्त कधी लागतात ते नीट शिकवलं. रक्त, शरीरातले स्राव, जखम, घातक औषधं, आयसोलेशन (संसर्गामुळे वेगळा ठेवलेला पेशंट), इथे घालायचेच. बीपी घेताना, पेशंटला चालवताना, गोळ्या देताना काय गरज? ग्लोव्ह चढला की हात स्वच्छ असल्यासारखं वाटतं. मग त्याच हाताने पेशंट, ट्रॉली, पडदा, पेन सगळ्याला स्पर्श होतो आणि हात धुणं राहून जातं. त्यामुळे कमी ग्लोव्ह्ज वापरणं हे आधी पेशंटच्या भल्याचं आहे. ऑस्कीची (इथल्या नर्सिंग नोंदणीच्या प्रात्यक्षिक परीक्षेची) तयारी करतानाच ही सवय लावून घ्या.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट मात्र वेगळी. सुरुवातीच्या दिवसांत एका आयसोलेशन रूममधला पेशंट घरी गेला. परत फेऱ्या नकोत म्हणून मीच सकाळी ट्रॉलीवर भरपूर सामान नेऊन ठेवलं होतं. आत गेलेलं बाहेर आणता येत नाही. सील न उघडलेले फ्लश (नळी धुवायच्या सलाइनच्या सिरिंज), गॉझची पाकिटं, ड्रेसिंग पॅक, एकेक करून मी स्वतःच्या हाताने नारिंगी पिशवीत टाकलं. पिशवी भरली. तेव्हापासून मी आत जाताना त्या वेळेपुरतंच नेते. चार पावलं जास्त पडतात, पडू देत.

दुसरी सवय राउंडला कॅन्युला (शिरेत बसवलेली नळी) दिसली की प्रश्न विचारण्याची. “डॉक्टर, ही कॅन्युला अजून हवी आहे का? आता गोळ्या सुरू करता येतील का?” पेशंट गिळू शकत असेल तर तोंडावाटे पॅरासिटामॉल दिल्याने बाटली, आयव्ही सेट, फ्लश सगळं वाचतं, आणि शिरेला सूज येण्याची भीतीही जाते. इथे नर्सने असं विचारलेलं कुणाला खटकत नाही, उलट ते अपेक्षितच असतं. पेशंट दुसऱ्या वॉर्डात हलवताना लॉकरमधले त्याचे इनहेलर, इन्सुलिन सोबत द्यायला विसरू नका. राहिले की फार्मसीतून नवे येतात. संपलेला इनहेलरही साध्या कचऱ्यात नको, फार्मसीला परत द्यायचा. फवाऱ्याच्या इनहेलरमध्ये उरलेला वायू हवा तापवणारा असतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते. बचतीच्या नावाखाली एकदा वापरायची वस्तू धुऊन पुन्हा वापरू नका. पाकिटावर गोलात २ आणि त्यावर तिरकी रेघ दिसली की विषय संपला. ‘एकाच पेशंटसाठी’ लिहिलेली वस्तू वेगळी, ती त्याच पेशंटला परत वापरता येते. हा फरक पाकिटावर वाचायचा, अंदाजाने ठरवायचा नाही.

मुलाखतीआधी तुमच्या वॉर्डातला एक खरा प्रसंग लिहून काढा, काय वाया जात होतं, तुम्ही काय बदललं, पेशंटला त्याचा काय फायदा झाला. इथे टाकलात तर मी वाचून सांगेन.