मुळाशिवाय सूत्रकृमी वाढत नाही

प्रश्न: नमस्कार सर, मी नागपुरातच एमएस्सी अ‍ॅग्री करतेय, मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीवर (मातीतला सूक्ष्म किडा) काम आहे पण कल्चर, म्हणजे प्रयोगासाठी जिवंत वाढवलेला साठा, टिकतच नाही. जानेवारीत नर्सरीतून हायब्रीड टोमॅटोची रोपं आणली, अळ्या सोडल्या, पण एकही गाठ नाही. एप्रिलचा लॉट उन्हानं वाळला. बुरशीसारखं डिशमध्ये नुसतं अगारच्या जेलीवर नाही का वाढवता येत? आणि संत्र्याचा सूत्रकृमी पण टोमॅटोवर चालेल का?
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर: नुसत्या अगारवर नाही जमणार. मेलॉयडोगायनीची, म्हणजे तुमच्या या गाठवाल्या सूत्रकृमीची, अळी मुळात शिरते आणि तिथल्या पेशींना फुगवून महाकाय पेशी करून घेते, मग मादी जन्मभर एकाच जागी बसून त्यांच्यावरच जगते. म्हणजे खरं तर तुम्हाला टोमॅटोच सांभाळायचाय, सूत्रकृमी त्याच्यासोबत येतो.

जानेवारीच्या लॉटमध्ये मला पहिला संशय हायब्रीडवर आहे. बऱ्याच हायब्रीडमध्ये एमआय नावाचा जीन असतो, जंगली टोमॅटोतून आलेला, तो गाठी होऊच देत नाही. शेतकऱ्याला बरं, आपली मात्र पंचाईत! (गंमत म्हणजे माती २८ अंशांच्या वर तापली की हा जीन ढिला पडतो.) म्हणून पुसा रुबीसारखं बळी पडणारं वाण घ्या, बी स्वतः पेरा. दुसरं कारण थंडी, आपल्याकडे जानेवारीत रात्री कुंडी चांगलीच गारठते आणि अळ्या सुस्त पडतात. २७ अंशांच्या आसपास एक पिढी साधारण महिन्याभरात होते.

कुंडीत निव्वळ काळी माती भरू नका, भेगा पडतात आणि मुळं धुताना अर्धी तुटून हातात येतात. निम्म्याहून जास्त वाळू मिसळा आणि ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करा. सुरुवात एकाच अंडीपुंजापासून (एका मादीच्या अंड्यांचा गोळा) करा म्हणजे जातींची खिचडी होत नाही, एका पुंजात ३०० ते ५०० अंडी असतात, तेवढी पुरतात. पुढे अंडी काढताना मुळं बारीक कापून ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये जास्तीत जास्त ४ मिनिटं हलवायची, मग सुटलेली अंडी ५०० मेशच्या बारीक चाळणीवर भरपूर पाण्यानं धुवायची. इथे मोबाईल बाजूला ठेवा बरं, मिनिटं वाढली की अंडी मरतात आणि आपण पुढे आठवडाभर हॅचिंग का होत नाही म्हणून डोकं खाजवत बसतो.

एप्रिल ते जून कल्चर बाहेर शेडनेटमध्ये ठेवूच नका, नवतप्यात तर कुंडीच भाजते. एसी खोलीत ट्यूबलाइटखाली चार कुंड्या, आणि दोन दुसऱ्या एखाद्या खोलीत, कारण लाइट जायला आपल्याकडे मुहूर्त लागत नाही.

डिशचीच हौस असेल तर प्रॅटिलेंकस किंवा रॅडोफोलस हे दुसरे सूत्रकृमी घ्या, हे गाजराच्या निर्जंतुक चकत्यांवर मस्त वाढतात. गाठवाला तिथे नाही, त्याला डिशमध्ये वाढवायचं तर अगारवर टोमॅटोची जिवंत मुळं वाढवावी लागतात, पण ते काम किचकट.

संत्र्याचा टायलेंक्युलस टोमॅटोला तोंड लावत नाही. त्याला जंबेरीची (संत्र्याच्या कलमाचा लिंबूवर्गीय खुंट) रोपं द्या, पिढीला ६ ते ८ आठवडे लागतात. बाधित बागेतली तंतुमुळं आणलीत तर पिशवीत ओली ठेवा, गाडीच्या डिकीत उन्हात नको.