अ‍ॅल्युमिनियम फोम बनवताना तापमान थोडं बदललं तरी आतली छिद्रं एवढी का बदलतात?

एम.टेक.ला इथे नागपुरातच मी हे काम केलंय, अ‍ॅल्युमिनियमची पावडर दाबून बनवलेल्या गोळ्या भट्टीत पावासारख्या फुगवायच्या, तेही मे महिन्यात, बाहेर 45 आणि भट्टीत साडेसहाशे, म्हणजे विचारूच नका.

खरी भानगड अशी की गॅस निघायची वेळ आणि धातू वितळायची वेळ जुळत नाही. गोळी फुगवायला पावडरीत मिसळलेलं टायटॅनियम हायड्राइड 400 च्या आसपासच हायड्रोजन सोडायला लागतं आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनियम वितळतं 660 ला, मधल्या वेळात गोळी घट्टच असते, मग गॅस जागा मिळेल तिथे चपट्या चिरा पाडतो आणि पुढे छिद्रंही वेडीवाकडी होतात. म्हणून 12 टक्के सिलिकॉनवाला मिश्रधातू घेतात, तो 577 लाच वितळतो. नाहीतर हायड्राइडच आधी हवेत 480 च्या आसपास भाजून घेतात, कणांवर ऑक्साइडची साल चढते आणि गॅस उशिरा निघतो.

तापमान कमी पडलं तर गोळी नीट फुगतच नाही, छिद्रं बारीक आणि भिंती जाड. जास्त झालं की उलटं. आता सगळे सांगतात की धातू पातळ होतो म्हणून फोम बसतो, ते अर्धवट आहे, कारण पूर्ण वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम तसंही जवळपास पाण्याइतकंच पातळ असतं. बुडबुडे टिकतात ते पावडरीच्या कणांवरच्या ऑक्साइडच्या पापुद्र्यांमुळे (वितळलेल्या धातूत थेट हायड्राइड टाकतात त्या पद्धतीत हेच काम करायला 680 ला दीड टक्का कॅल्शियम घालून घोटतात). जास्त तापवलं की गॅस भसाभसा निघतो, भिंती ताणून फुटतात, दोनाचा एक बुडबुडा होतो आणि धातू खाली झिरपतो. माझा एक नमुना हॅक्सॉने कापला तर तळाला बोटभर घट्ट थर आणि वर लिंबाएवढं भोक, आईला फोटो दाखवला तर म्हणे, अनारसा हसला की रे तुझा!

आणि भट्टीच्या डिस्प्लेवर तर अजिबात विसंबू नका. आमचं थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भट्टीच्या भिंतीजवळ होतं, गोळी जाड स्टीलच्या साच्यात, ती तापायला मागेच राहायची, दोन आठवड्यांची रीडिंग कचऱ्यात गेली. साच्याला भोक पाडून थर्मोकपल गोळीजवळ नेलं तेव्हा कुठे दोन नमुने एकसारखे निघाले. पूर्ण फुगला की लगेच बाहेर काढून पंख्याखाली धरा, तेवढ्यात अर्धा मिनिट जास्त राहिला तरी बसतो.