डॅलस काउबॉइजच्या चीअरलीडर्सचा इतिहास काय आहे? त्या एवढ्या प्रसिद्ध कशा झाल्या?

तुम्ही विचारलंय की त्यांच्यावरची नेटफ्लिक्सची मालिका बघितली, पण या मुली नक्की कधीपासून आहेत, हे सगळं सुरू कोणी केलं आणि फुटबॉलच्या टीमला नाचणाऱ्या मुली लागतातच कशाला. मी अमेरिकेत टेक्सस राज्यात डॅलसला लागून आयर्विंग गाव आहे तिथे व्हॅली रँच भागात राहते, २००५ पासून. आता इथे आपलेच लोक जास्त दिसतात, पण २०१६ पर्यंत काउबॉइजचं, म्हणजे डॅलसच्या त्या फुटबॉल टीमचं, ऑफिस आणि सरावाचं मैदान आमच्या इथेच होतं, एका रस्त्याचं नाव अजूनही काउबॉइज पार्कवे आहे. त्यात माझी मुलगी शाळेच्या ड्रिल टीममध्ये (ओळीत एकसारखं नाचणाऱ्या मुलींचा संघ), त्यामुळे हा विषय आमच्या घरात जेवताना पण निघतो. जरा लांबेल उत्तर, चालवून घ्या.

काउबॉइज टीम सुरू झाली १९६० ला. (फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल हं, लांबुडक्या बॉलचा.) तेव्हा बाजूला उभं राहून ओरडायला शाळेतली पोरं पोरी असायची, मुलगे सुद्धा, आणि त्या ग्रुपचं नाव होतं काउबेल्स अँड बोझ. डी ब्रॉक नावाच्या एक शिक्षिका ते सांभाळायच्या. टीमचे जनरल मॅनेजर टेक्स श्रॅम, हे नाव लक्षात ठेवा, हा माणूस आधी सीबीएस टीव्हीत होता आणि १९६० चं हिवाळी ऑलिंपिक टीव्हीवर आणण्यात त्याचा हात होता. म्हणजे मॅच कशी खेळली जाते यासोबत ती घरी बसून कशी दिसते याचाही विचार करणारा माणूस. शाळकरी पोरांचा कार्यक्रम प्रोफेशनल टीमला शोभत नाही असं त्याला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर प्रेक्षक पण त्यांच्याकडे फारसं बघत नव्हते.

१९६७ चा एक किस्सा इथे सगळे सांगतात. कॉटन बोल स्टेडियममध्ये मॅच चालू असताना बबल्स कॅश नावाची एक क्लब डान्सर छोट्या स्कर्टमध्ये, दोन्ही हातात बुड्ढी के बाल घेऊन पायऱ्या उतरत खाली आली आणि सगळं स्टेडियम मॅच सोडून तिच्याकडे बघायला लागलं. श्रॅमने ते बघितलं आणि डोक्यात ठेवलं. बऱ्याच ठिकाणी इतिहास इथेच सुरू करतात आणि इथेच संपवतात, मला ते पटत नाही, कारण नुसतं कोणीतरी छोटे कपडे घालून चालून गेलं म्हणून ५० वर्षं टिकणारी गोष्ट उभी राहत नाही. श्रॅमची पहिली कल्पना मॉडेल्स उभ्या करायची होती. पण टेक्ससच्या उन्हात तीन तास नाचायचं म्हणजे मॉडेलचं काम नाही, तिथे डान्सरच पाहिजे, हे त्याला पटवून दिलं गेलं आणि सगळी गाडी तिथून वळली.

आणि डान्सर टेक्ससमध्ये आधीपासून तयार होत्या! हा भाग मालिकेत नीट येत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. किलगोर म्हणून पूर्व टेक्ससमध्ये एक छोटं तेलाच्या विहिरींचं गाव आहे, तिथल्या कॉलेजात १९४० मध्ये गसी नेल डेव्हिस या बाईंनी रेंजरेट्स नावाची मुलींची टीम काढली. कारण काय, तर मध्यंतरात लोक उठून स्टँडखाली दारू प्यायला जायचे, मारामाऱ्या व्हायच्या, त्यांना जागेवर बसवून ठेवायला काहीतरी हवं होतं. मग या मुलींची एका ओळीत, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून, पाय पार डोक्याच्या वर जाईल अशी किक. ते इतकं गाजलं की टेक्ससच्या शाळाशाळांत ड्रिल टीम निघाल्या आणि आजही इथे मुलगी आठवी नववीला गेली की ट्रायआउटची, म्हणजे निवड चाचणीची, तयारी चालू होते, जशी आपल्याकडे स्कॉलरशिपच्या परीक्षेची व्हायची. माझी मुलगी सकाळी सहाला शाळेच्या पार्किंगमध्ये हजर असते, आणि डाव्या पायाची किक उजव्यापेक्षा चार बोटं खाली जाते म्हणून रडलेली मी बघितलीये. काउबॉइजची ती प्रसिद्ध किक लाइन बघाल तेव्हा त्यामागे हे सगळं आहे.

तर १९७२. डॅलसमध्ये स्वतःचा डान्स स्टुडिओ चालवणाऱ्या टेक्सी वॉटरमन यांना बोलावलं. साधारण ६० जणी ऑडिशनला आल्या, त्यातल्या फक्त सात घेतल्या. त्या सात जणींमध्ये गोऱ्या होत्या तशा कृष्णवर्णीयही होत्या, आणि हे त्या काळच्या डॅलसमध्ये, जिथे शाळांमध्ये काळी गोरी मुलं एकत्र बसवायची की नाही याच्या केस अजून कोर्टात चालू होत्या. वॉटरमनबाईंनी ओरडणं, घोषणा वगैरे काढूनच टाकलं आणि जॅझ डान्स आणला, म्हणजे नाव चीअरलीडर राहिलं पण काम पूर्ण डान्सरचं झालं. ड्रेस शिवला पॉला व्हॅन वॅगनर यांनी, निळा गाठ मारलेला ब्लाऊज, त्यावर चांदण्यांचं पांढरं जॅकेट, पांढरी शॉर्ट, पांढरे बूट. आज पण तोच आहे, थोडेफार बदल झाले तेवढेच, आणि आता तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये ठेवलाय.

स्टेडियम पण नवीन होतं, टेक्सस स्टेडियम, आमच्या आयर्विंगमध्येच, १९७१ ला उघडलेलं. छताला मधोमध मोठं भोक होतं, देवाला आपली टीम वरून दिसावी म्हणून ठेवलंय असं इथले लोक म्हणायचे. २०१० मध्ये सुरुंग लावून पाडलं ते.

देशभर नाव झालं ते मात्र एका डोळा मारण्याने. जानेवारी १९७६, मायामीत सुपर बोल, म्हणजे त्या सीझनची फायनल, काउबॉइज विरुद्ध पिट्सबर्ग स्टीलर्स. टीव्हीचा कॅमेरा एका चीअरलीडरवर आला आणि तिने सरळ लेन्समध्ये बघून डोळा मारला. मॅच काउबॉइज हरले २१-१७ ने, पण टीमच्या ऑफिसात पत्रं आणि फोन सुरू झाले ते या मुलींसाठी. मग १९७७ ला त्यांचं पोस्टर आलं ते लाखोंनी खपलं, १९७९ च्या जानेवारीत एबीसी चॅनेलवर त्यांच्यावर टीव्ही सिनेमा आला. काउबॉइजना "अमेरिकाज टीम" म्हणायला लागले ते याच सुमारास.

या सगळ्या गडबडीत ज्या बाईने हे सांभाळलं त्या म्हणजे सुझॅन मिचेल. माझ्या मते खरा इतिहास यांचा आहे. त्या श्रॅमच्या सेक्रेटरी म्हणून लागल्या, इंटरव्ह्यूमध्ये पाच वर्षांनी कुठे असायला आवडेल विचारलं तर म्हणाल्या तुमची खुर्ची छान दिसतेय. १९७६ पासून १९८९ पर्यंत स्क्वाड त्यांच्याकडे. नियम कडक, खूप कडक. खेळाडूंशी मैत्री नाही, ड्रेस घालून दारू सिगरेट नाही, जिथे दारूची पार्टी तिथे कार्यक्रम नाही, च्युइंगगम सुद्धा नाही. वजनावरून बोलणं वगैरे पण होतंच, आणि त्याचा त्रास किती जणींना झाला असेल, ते मी चांगलं म्हणणार नाही. पण दुसऱ्या बाजूने बघा, पोस्टर घराघरात लागलेली २०-२२ वर्षांची मुलगी, तिच्या मागे लागणारे लोक, घाणेरडी पत्रं, आणि या मुलींच्या बाजूने उभी राहणारी ऑफिसात एकच बाई. मुलींना हॉस्पिटलमध्ये, वृद्धाश्रमात घेऊन जायच्या, १९७९ च्या नाताळात कोरियाला अमेरिकन सैनिकांसमोर पहिला कार्यक्रम झाला, तेव्हापासून असे ८० च्या वर दौरे झालेत.

त्याच काळात एक कोर्ट केस झाली ती वकिलीच्या पुस्तकांत अजून शिकवतात. १९७८ मध्ये एका पॉर्न सिनेमात हुबेहूब तसाच ड्रेस वापरला आणि जाहिरातीत पण तो दाखवला. काउबॉइज चीअरलीडर्स कंपनी न्यूयॉर्कच्या कोर्टात गेली, आणि १९७९ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की हा पांढऱ्या निळ्या कपड्यांचा सेट म्हणजेच त्यांचा ट्रेडमार्क आहे, दुसऱ्याला असा वापरता येणार नाही. सात वर्षांपूर्वी शिवलेला एक ड्रेस, त्याची एवढी ओळख झाली होती!

१९८९ ला जेरी जोन्स यांनी टीम विकत घेतली. कोच टॉम लँड्री, श्रॅम, मिचेलबाई, सगळे टीममधून बाहेर पडले. नवीन मालक जुने नियम सैल करणार, ड्रेस अजून छोटा करणार, दारूच्या कार्यक्रमांना पाठवणार अशी बातमी आली तशी चौदा जणींनी राजीनामे दिले. शेवटी जोन्सना मागे यावं लागलं आणि मुली परत आल्या. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण बाहेरच्यांना वाटतं की नियम फक्त मुलींवर लादलेले होते, पण ते मोडायला निघाल्यावर लढल्या त्या मुलीच. १९९१ पासून केली फिंगलास डायरेक्टर आणि जूडी ट्रॅमेल कोरिओग्राफर, तुम्ही मालिकेत बघितल्या त्याच, दोघी आधी स्वतः चीअरलीडर होत्या.

आता पैशाचं, कारण मालिका बघून सगळ्यांना हाच प्रश्न पडतो. सुरुवातीच्या काळात एका मॅचचे १५ डॉलर, टॅक्स कापून हातात १४ डॉलर १२ सेंट. आठवड्यात बऱ्याच रात्री सराव, त्यात नियम असा की प्रत्येकीला दिवसा दुसरी नोकरी किंवा शिक्षण किंवा घरसंसार असायलाच पाहिजे, आणि दरवर्षी जुन्या मुलींना सुद्धा पुन्हा ऑडिशन. साधारण ३६ जणींची टीम, जागेसाठी शेकडो अर्ज. कायम हेच सांगितलं गेलं की मान बघा केवढा मिळतो. मला हे ऐकून संताप येतो, कारण फोर्ब्सच्या २०२४ च्या यादीत या टीमची किंमत १० अब्ज डॉलरच्या वर आहे. २०१८ मध्ये एका माजी चीअरलीडरने पगारावरून केस केली, २०१९ ला समझोता झाला, सरावाचे तासाला ८ चे १२ डॉलर झाले. मग २०२२ मध्ये अजून वाईट बातमी आली, की २०१५ मध्ये टीमच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यावर ड्रेसिंग रूममध्ये कपडे बदलताना चोरून शूटिंग केल्याचा आरोप झाला होता आणि टीमने चार जणींशी एकूण २४ लाख डॉलरचा समझोता करून ते मिटवलं होतं. त्या अधिकाऱ्याने आरोप नाकारले. पण हे सगळं सात वर्षं बाहेर आलं नाही ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही, मुलीची आई म्हणून तर अजिबात नाही.

२०२४ ला नेटफ्लिक्सची मालिका आली, लोकांनी ती उडी मारून थेट स्प्लिटमध्ये, म्हणजे दोन्ही पाय पूर्ण फाकवून जमिनीवर, पडायची स्टेप बघितली, त्या स्टेपमुळे खुब्यांची ऑपरेशन्स झालेल्या मुली बघितल्या आणि मग पगाराचे आकडे ऐकले. वर्षभर मुलींनी एकत्र येऊन बोलणी केली, काम बंद करायचा विचार पण झाला होता, आणि २०२५ मध्ये ४०० टक्के वाढ मिळाली. जुन्या मुलींना आता तासाला ७५ डॉलरच्या वर मिळू शकतात असं त्यांच्यातल्याच एकीने सांगितलंय.

भारताशी थेट संबंध विचाराल तर २००८ चं पहिलं आयपीएल, बंगलोरच्या टीमने वॉशिंग्टनच्या फुटबॉल टीमच्या चीअरलीडर्स आणल्या होत्या. महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, राज्याच्या मंत्र्यांनी अश्लील म्हटलं. आई सांगलीहून फोनवर म्हणाली, "तिकडे असंच असतं का गं सगळं?" मी तेव्हा हो म्हणून विषय संपवला होता. परवा तीच आई इथे आली होती, नातीचा सकाळचा सराव बघायला बरोबर आली, थंडीत शाल घेऊन दीड तास खुर्चीवर बसली आणि घरी येऊन नातीच्या पायांना तेल लावून दिलं. म्हणाली, डावा पाय आता बरोबर जातोय.