हीटर रात्रभर चालतो, पण पहाटे पेटत नाही

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी: डिसेंबरात स्कॉटलंडमधल्या ग्लेन्कोमध्ये कॅम्परव्हॅनमध्ये हुकअपशिवाय (बाहेरून वीज न घेता) मुक्काम, ११० एएचची (अँपिअर-तासांची) एकच एजीएम (बंदिस्त लेड-अ‍ॅसिड) लेझर बॅटरी, म्हणजे राहण्याच्या भागासाठीची वेगळी बॅटरी, छतावर १०० वॅटचं सोलर पॅनल, २ किलोवॅटचा डिझेल एअर हीटर. संध्याकाळी सहाला लावलेला हीटर पहाटे चारला एरर देऊन बंद पडला आणि कंट्रोल पॅनलवर १२.१ व्होल्ट दिसत होते. म्हणून तुम्ही विचारताय की हा हीटर एवढी बॅटरी खातो का, आणि लिथियम बॅटरी घेतली तर प्रश्न सुटेल का.

एवढी खात नाही. उष्णता डिझेलमधून येते, बॅटरीला फक्त पंखा, इंधनाचा टिकटिकणारा पंप आणि कंट्रोलर सांभाळायचा असतो. या मापाचा हीटर मंद आचेवर साधारण १५ वॅट घेतो आणि पूर्ण जोरात ३०च्या आसपास. म्हणजे सव्वा ते अडीच अँपिअर. सरासरी १.६ धरली तरी दहा तासांचे १६ एएच होतात. तुमच्या बॅटरीतले निम्मेच वापरायचे म्हटलं आणि थंडीपायी आणखी पाचवा हिस्सा सोडून दिला, तरी ४४ उरतात. बॅटरी धडधाकट असेल तर तेवढ्यात दोन रात्री निघायला हव्यात.

खरी मागणी पेटतानाची असते. ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी तापती कांडी) तापवायला दोन-तीन मिनिटं ८ ते १० अँपिअर लागतात. एएचमध्ये मोजलं तर हे अर्धाच एएच, म्हणून हिशोब करताना सगळे ते सोडून देतात. पण त्या दोन मिनिटांत व्होल्टेज किती खाली बसतं, यावर सगळं अवलंबून आहे. हीटरला त्याच्या वीजजोडणीच्या प्लगपाशी साधारण १०.५ व्होल्टच्या खाली मिळालं की तो अंडरव्होल्टेज म्हणून बंद होतो. कंट्रोल पॅनलवर दिसणारे १२.१ बॅटरीपाशी मोजलेले असतात, आणि तेही हीटर बंद पडल्यावर, म्हणजे भार उतरल्यावरचे.

आता तुमच्या पहाटेचं बघा. खोली ठरवलेल्या तापमानाच्या वर गेली की हीटर ज्योत विझवतो आणि गार झालं की पुन्हा पेटवतो. संध्याकाळी सहाला भरलेल्या बॅटरीवर हे सहज होतं. चारला अर्धी रिकामी आणि गारठलेली बॅटरी १० अँपिअरच्या भाराखाली ११.५पर्यंत येते. त्यात वायर. बॅटरीपासून हीटर ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तांबं झालं. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत १० अँपिअरला ०.७ व्होल्ट जातात, दीडच्या वायरीत जवळजवळ १.२. गंजलेल्या फ्यूज होल्डरचे आणि सैल जोडांचे वेगळे. गावाकडे रात्री दाब कमी असला की विहिरीवरची मोटर नुसती गुणगुणते आणि उचलत नाही, तसलाच प्रकार. पेटलेला हीटर त्याच बॅटरीवर सकाळपर्यंत चालला असता.

म्हणून पैसे काढण्याआधी मल्टिमीटर काढा. हीटर सुरू करताना त्याच्या प्लगपाशी आणि त्याच क्षणी बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. दोन्हीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर बॅटरीचा दोष नाही. थेट बॅटरीपासून फ्यूज घालून ६ चौरस मिलिमीटरची वायर ओढा. गाडीच्या जुन्या लाइटिंगच्या लाइनीवर जोडलेले हीटर मी बरेच पाहिलेत, आणि तक्रार दर वेळी हीच. फरक नसेल आणि बॅटरीच आपटत असेल, तर ती म्हातारी झालीय. सेकंडहँड गाडीत ही शक्यता मोठी.

रात्री थर्मोस्टॅट २२वर ठेवू नका. १५-१६वर ठेवा आणि खिडक्यांना थर्मल पडदे लावा, म्हणजे तो बराच वेळ मंद आचेवर जळतो आणि वीज कमी खातो. सलग मंद जळण्याने काजळी धरते, तेव्हा सकाळी बंद करण्याआधी वीसेक मिनिटं पूर्ण जोरात चालवा. आणि मेन स्विच पाडून हीटर कधीही बंद करू नका. आतलं गरम धातू गार करायला पंख्याला तीन-चार मिनिटं वीज लागते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गाडीत असेलच, नसेल तर मोजमापं नंतर, आधी तो.

हीटरच्या १६ एएचने बॅटरी अर्धी रिकामी होत नाही, तेव्हा ती खाणारं दुसरं काय आहे तेही शोधा. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तर बिनकामाचा एक अँपिअर पितो, म्हणजे रात्रभरात तुमच्या हीटरच्या निम्म्याहून जास्त. या चर्चेत कुणीतरी इन्व्हर्टरवर १००० वॅटचा विजेचा ब्लोअर लावायला सुचवलंय. त्याला ९० अँपिअर लागतील आणि तुमची बॅटरी अर्ध्या तासात झोपेल. तो सल्ला सोडून द्या.

सोलरवर डिसेंबरात विसंबू नका. ग्लेन्कोत तेव्हा दिवस जेमतेम सात तासांच्या आसपास, भर दुपारी सूर्य क्षितिजावर दहा अंश, आणि तोही बहुतेक डोंगराआड. छतावर आडवं पडलेलं पॅनल नावापुरतंच. भरणं व्हायला हवं ते गाडी चालवताना. युरो ६ (प्रदूषण मानक) वाली फियाट ड्युकाटो असेल आणि तिला स्मार्ट अल्टरनेटर (व्होल्टेज आपोआप कमी-जास्त करणारा) असेल, तर तो साध्या रिलेतून लेझर बॅटरी नीट भरत नाही, बी-टू-बी चार्जर (गाडीच्या बॅटरीकडून लेझर बॅटरी भरणारा) लागतो. ३० अँपिअरचा असला तर जवळच्या फोर्ट विल्यम गावापर्यंतच्या अर्ध्या तासात १५ एएच परत, म्हणजे रात्रीचा हीटर जवळजवळ वसूल. माझ्या मते तुमचे पहिले पैसे इथे जायला हवेत.

लिथियम चांगलीच. ती १० अँपिअरला हूं की चूं करत नाही, १३ व्होल्टच्या जवळ टिकते. पण शून्य अंशाखाली तिला चार्ज करता येत नाही, त्यामुळे बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवू नका, प्रवाशाच्या सीटखाली ठेवा. वायर तीच बारीक राहिली तर मात्र लिथियमवरही पाऊण व्होल्ट वाया जाणारच, फक्त तुम्हाला कळणार नाही.

याच चर्चेत एकांनी स्पितीत असा हीटर चालेल का हे विचारलंय. काझाला ३,६०० मीटरच्या वर हवा समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असते. डिझेल पुरतं जळत नाही, पेटवण्याचे प्रयत्न फसतात आणि प्रत्येक प्रयत्नाला ग्लो प्लग बॅटरी खातो. उंचीनुसार इंधन कमी करणारा हीटरच घ्या.

तुम्ही प्लगपाशी आणि बॅटरीपाशी आलेले दोन्ही आकडे, वायरीची जाडी आणि एरर कोड इथे टाका. कोड ज्योत न मिळाल्याचा निघाला तर वरचं सगळं बाजूला ठेवू आणि आधी टाकीत डिझेल किती होतं ते विचारेन, कारण हीटरची नळी बहुधा टाकीच्या तळापर्यंत जात नाही.