खरा चाफा कोणता?

कोल्हापूरच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, देवळापुढच्या पांढऱ्या फुलांच्या झाडाला त्यांची आजी चाफा म्हणते, तर पुण्याची मैत्रीण म्हणते की चाफा म्हणजे फक्त सोनचाफा. यात बरोबर कोण?

शब्दाचे मूळ पाहिले तर मैत्रिणीची बाजू भक्कम आहे. संस्कृत 'चम्पक' म्हणजे सोनचाफा. कण्टकाचा काटा आणि दन्ताचा दात झाला, तसा जोडाक्षरातला अनुनासिक सुटून आणि आधीचा स्वर दीर्घ होऊन चम्पकाचा 'चांफा' झाला. 'प'चा 'फ' होणेही मराठीला नवे नाही, पनसाचा फणस तसाच झाला आहे. जुन्या पुस्तकांत दिसणारा 'चांफा'वरचा तो अनुच्चारित अनुस्वार 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी गेला. अर्धनारीनटेश्वर स्तोत्रात पार्वती 'चाम्पेयगौर' आणि शंकर 'कर्पूरगौर' आहे. चम्पक पांढरा असता तर या दोन गौरवर्णांतला भेदच उरला नसता. 'चाफेकळी नाक' म्हणतो तेव्हाही डोळ्यांपुढे येते ती सोनचाफ्याची लांबट, टोकदार कळीच.

देवळापुढचा पांढरा चाफा, ज्याला देवचाफा किंवा खुरचाफा असेही म्हणतात, तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. युरोपीय दर्यावर्दी अमेरिकेला पोचल्यानंतरच तो इकडे येऊ शकला, म्हणून तेराव्या-चौदाव्या शतकातल्या मराठीत 'चांपा' भेटला तर तिथे हे झाड कल्पिणे चूक ठरेल.

तरीही आजी चुकली असे मी म्हणणार नाही. मराठीने 'चाफा' हा शब्द एका झाडापुरता बांधून ठेवलेला नाही. ज्या फुलाचा गंध मनात भरला त्याला ती चाफा म्हणत गेली. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, भुईचाफा हळदीच्या कुळातला आणि नागचाफा म्हणजे नागकेशर; यांपैकी एकही सोनचाफ्याच्या कुळातला नाही. आपल्या सीमेपलीकडच्या कन्नडने वेगळी वाट धरली, याचे मला फार अप्रूप वाटते. तिथे सोनचाफा 'संपिगे' आणि पांढरा चाफा 'देवकणगिले', म्हणजे देवाची कण्हेर. फांदी मोडली की पांढरा चीक ठिबकणारे हे झाड खरोखरच कण्हेरीच्या कुळातले आहे. कन्नडने झाडाकडे पाहिले आणि मराठीने वासाकडे.

फरक हातात घेऊन पाहावा. पांढऱ्या चाफ्याचे फूल गळते ते अख्खे, पाच पाकळ्या एकमेकींवर किंचित पिळलेल्या आणि खाली बारीक नळी. सोनचाफ्याच्या पाकळ्या अरुंद, पुष्कळ आणि सुट्या असतात, फूल शिळे झाले की एकेक करून गळतात. महाद्वारात अंबाबाईसाठी फुले घेताना 'चाफा द्या' म्हणण्यापेक्षा 'सोनचाफा द्या' म्हटले की शंका उरत नाही, आणि लेखनातही मी हाच नेम पाळतो.

रोप लावतानाही नाव नेमके हवे, कारण दोघांची लागवड अगदी वेगळी आहे. पांढऱ्या चाफ्याची हातभर फांदी तोडून चीक सुकेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवावी आणि पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत खोचावी; फार पाणी घातले तर ती कुजते. हिवाळ्यात पाने झडून झाड उघडे पडते, त्याने घाबरून जाऊ नये. सोनचाफा मात्र सदाहरित वृक्ष आहे. त्याच्या बिया वाळल्या की रुजत नाहीत, ताज्याच पेराव्या लागतात, आणि बियांपासून आलेले झाड फुलायला कित्येक वर्षे घेते. कलम लवकर फुलते. तेव्हा रोपवाटिकेत नुसता 'चाफा' न मागता 'कलमी सोनचाफा' असे स्पष्ट सांगून मागावा.