तत्कार येतो म्हणून आयरिश स्टेप डान्स सोपा जाईल का?

लेक पाच वर्षं कथक शिकतेय, रिव्हरडान्स या आयरिश नृत्याच्या कार्यक्रमाचे व्हिडिओ पाहून आता आयरिश स्टेप डान्सच्या क्लासला जायचं म्हणते, तत्कार (कथकातलं पायांचं मूळ काम) पक्का आहे तर हे सोपं जाईल का आणि त्यात हात काठीसारखे का ठेवतात, असं तुम्ही विचारलंय.

कान तयार आहे, पाय मात्र नव्याने घडवावे लागतील. पुण्यात नऊ वर्षं कथक करून मी डब्लिनला मोठ्यांच्या वर्गात गेले, तर बाईंचं पहिलंच वाक्य, "जमीन तुडवू नकोस." आपला तळवा पूर्ण पडतो, वजन खाली जातं. तिथे टाचा उचललेल्या, पावलं बाहेर वळलेली, गुडघ्यावर गुडघा आणि सगळं अंग वर ओढलेलं. माझ्या पोटऱ्या दोन महिने ठणकत होत्या! नादही घुंगरांचा नाही, कडक बुटांच्या चवड्याला आणि टाचेला बसवलेल्या फायबरग्लासचा.

लय मात्र ओळखीची वाटते. जिग या नाचाची लय ६/८, म्हणजे सहा मात्रांचा दादरा कानात असेल तर लगेच सापडते. स्लिप जिग ९/८, तीनाचे तीन गट. पण तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायची सवय तिने घरी ठेवावी. इथे आठ बारचा (बार म्हणजे लयीचा एक खंड) तुकडा उजव्या पायाने करायचा आणि लगेच जसाच्या तसा डाव्याने. मी खरी अडकले ती इथेच, डावा पाय इतका अडाणी असतो हे कथकात कधी कळलंच नव्हतं.

आता हात. पाद्र्यांचा धाक, इंग्रजांपासून लपवणं वगैरे कथा ऐकायला छान, माझा त्यांवर विश्वास नाही. गावोगाव फिरणारे नृत्यशिक्षक ताठ, सभ्य उभं राहणं शिकवत, आणि १८९३ मध्ये आयरिश भाषा-संस्कृती जपायला स्थापन झालेल्या गेलिक लीगच्या काळापासून स्पर्धांनी तीच ढब पक्की केली, हे मला जास्त पटतं. पश्चिम आयर्लंडमधल्या कॉनेमाराचा शॅन-नोस हा जुन्या ढंगाचा नाच बघा, हात मोकळे, पाय जमिनीलगत, प्रत्येकाची चाल वेगळी. १९९४ च्या युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेच्या कार्यक्रमात रिव्हरडान्सचा नर्तक मायकेल फ्लॅटलीनेही हात सोडलेच होते. स्पर्धेच्या क्लासमध्ये मात्र ते चालणार नाही, हे तिला आधीच सांगा.

कथक सोडायला लावू नका. आणि घरच्या फरशीवर कडक बूट नकोत, गुडघे जातील. पूर्वी तिकडे घराचं दार बिजागरीवरून काढून त्यावर नाचत; तुम्हाला प्लायवुडचा एक तुकडा पुरेल. खालच्या मजल्यावरच्यांना तेवढं सांगून ठेवा.