तुकारामाचा गणपती, गणपतीचा तुकाराम (वाचकांचे प्रश्न)

यावेळी आलेल्या पत्रांतली निम्मी एकाच दुखण्याची आहेत, नावं जुळतात पण माणूस जुळत नाही. त्यातली तीन घेतोय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण ते वाचलं की बाकीच्यांचं बरंचसं काम होईल.

प्रश्न : सर नमस्कार. आम्ही मूळचे जिंतूर तालुक्यातले, मी सध्या हडपसरला नोकरीला. दोन वर्षं झाली वंशावळ जमवायलोय. आजोबा गणपती, पणजोबा तुकाराम, त्यांचे वडील पुन्हा गणपती, इथपर्यंत घरात माहिती होती. आजोबांचा जन्म शाळेच्या रजिस्टरला १९३१ चा आहे, पणजोबा १९८१ ला गेले. आता १९५४ च्या खासरा पत्रकात (शेतवार जमिनीची नोंद) ‘तुकाराम वल्द गणपती’, म्हणजे गणपतीचा मुलगा तुकाराम, दोन ठिकाणी सापडले, सर्वे नंबर ४२ आणि ११७. त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वहीत शके १७९० ला तुकाराम गणपती बायकोसह येऊन गेल्याची नोंद आहे, बायको काशीबाई. घरात मात्र सगळे राधाबाई म्हणतात. वर एक उर्दू कागद सन १३३१ चा, जमीन घेणारा ‘तुका वल्द गणू’. हे सगळं पणजोबाच्या नावावर लिहिलं तर चुलते हसायलेत. काय करू? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : चुलत्यांना हसू द्या, पण ते बरोबर हसतायत. शके १७९० मध्ये ७८ मिळवा, १८६८ येतं. तुमचे पणजोबा गेले १९८१ ला. पूर्वी लग्नं लहानपणीच व्हायची म्हणून अगदी दहा वर्षांचा नवरदेव धरला तरी मरताना वय १२३ होतं. म्हणजे काशीबाईचा नवरा तुकाराम वेगळा, राधाबाईचा वेगळा. तुमच्या घरात दोन बायकांचा घोळ नाहीच, दोन तुकारामांचा आहे.

आपल्याकडं आजा गेला की नातवाला त्याचं नाव ठेवायची पद्धत. त्यामुळं तुकारामाचा गणपती, गणपतीचा तुकाराम, त्याचा पुन्हा गणपती असं रहाटगाडगं फिरत राहतं आणि आपण शाळेत शिकल्याप्रमाणं ‘वडलांचं नाव बघून ओळखा’ म्हणून बघायला जातो तर तिथंच फसतो, कारण तुमचे पणजोबा तुकाराम वल्द गणपती आणि त्यांचे आजोबा हे पण बहुतेक तुकाराम वल्द गणपतीच. बापाचं नाव इथं काही कामाचं नाही. आजाचं पण नाही, ते पण सारखंच! सरळ वंशात वर-खाली असलेले सारख्या नावाचे लोक फक्त काळावरून आणि बायकोवरून वेगळे होतात. चुलत भावांचं उलटं असतं. म्हाताऱ्या तुकारामाला तीन पोरं असली आणि तिघांनीही आपापल्या पोराला बापाचं नाव ठेवलं तर एकाच वाड्यात एकाच काळात तीन तुकाराम, कधी कधी तर वयात दोन-चार वर्षांचंच अंतर. तिथं काळ उपयोगाचा नाही, तिथं बापाचं नाव उपयोगाचं. ही दोन कोडी वेगळी आहेत. लोक दोन्हीला एकच किल्ली लावतात आणि कुलूप बिघडलंय म्हणतात.

पेशव्यांकडं बघा ना. बाळाजी विश्वनाथ १७१३ ला पेशवे झाले, त्यांचा नातू बाळाजी बाजीराव १७४० ला. पहिला बाजीराव आणि शेवटचा बाजीराव हेही आजा-नातूच. तरी आपला गोंधळ होत नाही, कारण बाळाजी विश्वनाथ, बाळाजी बाजीराव, बाजीराव बल्लाळ, बाजीराव रघुनाथ अशी मधली नावं प्रत्येक वेळी बदलतात (बल्लाळ म्हणजे बाळाजीच). त्यांच्या घरात आजाचं नाव फिरलं पण बापाचं नाव अडकून राहिलं नाही. तुमच्या घरात दोन्ही अडकलीत.

आता तो १३३१ चा कागद. इथं घाई करू नका. निजामाच्या राज्यातल्या कागदावर १३३१ दिसलं की दोन शक्यता. फसली, म्हणजे निजामाचं महसुली साल, असेल तर ५९० मिळवायचे, म्हणजे ऑक्टोबर १९२१ ते ऑक्टोबर १९२२. हिजरी असेल तर तेच १३३१ म्हणजे १९१२-१३. नऊ वर्षांचा फरक आहे आणि तुमच्या प्रकरणात नऊ वर्षं लई मोठी आहेत. उर्दू वाचणाऱ्याकडून आधी महिन्याचं नाव काढून घ्या. आजुर, दै, बहमन, खुरदाद, तीर असलं काही असेल तर फसली, मोहरम-सफर-रज्जब असेल तर हिजरी. हिजरी निघालं तर तुमचे पणजोबा तेव्हा पोरगं होते, जमीन घेणारा त्यांचा आजा किंवा भावकीतला दुसरा कोणी. फसली निघालं तर पणजोबा दहा ते वीसच्या मध्ये कुठंतरी. मग कागदात पालनकर्त्याचं नाव आहे का ते बघा, अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, पोराच्या नावानं खरेदी झाली तर कोणीतरी मोठा माणूस सोबत लिहिलेला असतो. जुन्या उताऱ्यांवर ‘अ.पा.क.’ दिसतं ते हेच, अज्ञान पालनकर्ता, आणि ‘ए.कु.क.’ म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. ही बारकी अक्षरं लोक खोडरबरानं पुसल्यासारखी सोडून देतात आणि खरं वय तर तिथंच लपलेलं असतं.

४२ आणि ११७ चं काय? तुम्ही धरूनच चाललात की दोन नंबर म्हणजे दोन माणसं. एका माणसाला दोन शेतं असू शकतात हो! पण दुसरी बाजू पण ध्यानात घ्या, १९५४ ला नाव आहे म्हणजे माणूस जिवंत आहे असं नाही. मेलेल्या माणसाचं नाव वीस वीस वर्षं उताऱ्यावर राहिलेलं कोणी बघितलं नाही सांगा, फेरफार करायला तलाठ्याकडं जायचं कोण या भांडणात पिढी निघून जाते. म्हणून खासऱ्यात पट्टेदार (ज्याच्या नावावर जमीन तो) कोण आणि कब्जा कोणाचा हे दोन्ही रकाने वाचा. पट्टेदार तुकाराम आणि कब्जा गणपतीचा असं एका नंबरला निघालं तर तो तुकाराम कदाचित म्हातारा, तेव्हाच मयत.

आणि कृपा करून आजचा गट नंबर ४२ काढून त्यावरून मागं जाऊ नका. एकत्रीकरण योजनेत सर्वे नंबरचे गट झाले, जुना ४२ आज भलताच कुठला तरी गट असेल. उलट्या दिशेनं या. पणजोबा १९८१ ला गेले त्यानंतरचा वारसाचा फेरफार काढा, त्यात राधाबाई, तुमचे आजोबा, त्यांच्या बहिणी सगळ्यांची नावं येतील (बहिणींनी हक्कसोड केलं असेल तर तोही एक फेरफार वेगळा, तो जरूर काढा, आत्यांची सासरं तिथं कळतात). त्या फेरफारातला गट घ्या, एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून त्याचा जुना सर्वे नंबर शोधा, मग १९५४ ला या. जो नंबर सापडेल तो पणजोबाचा. उरलेला कोणाचा हे त्याच्या शेजारच्या शेतांवरून कळेल, कारण भावाभावांत वाटणी झाली की शेतं लागूनच पडतात.

एक सवय लावून घ्या. सापडलेली प्रत्येक नोंद वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि ती वेगळ्या माणसाची आहे असं धरूनच चाला. बायको, भाऊ, शेत, गाव यातलं किमान दोन गोष्टींनी जुळलं तरच दोन चिठ्ठ्या एका टाचणीत. हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, मी स्वतः चार वर्षं आमच्या आजोबांच्या चुलत भावाची सगळी शेतं, कोर्टाचा एक खटला आणि दोन बायका आमच्या आजोबांच्या नावावर मांडून बसलो होतो. शेवटी आमच्या एका म्हाताऱ्या आत्यानं वही बघितली आणि म्हणाली, ‘अरे हा खालच्या वाड्यातला, आमच्या दादाला कुठली दुसरी बायको, एकीलाच भीत होता.’ चार वर्षं कागदात डोकं घातलं पण आत्याला विचारायचं काही सुचलं नाही.

प्रश्न : माझ्या आईच्या आईची माहिती हवीय. आजीचं नाव गंगाबाई, पण आजोबांच्या उताऱ्यांवर ‘गंगाबाई भ्र. किसन’ अशा दोन गंगाबाई दिसतात, एक आजोबांची आणि एक आजोबांच्या चुलत्याची. माहेर मोमिनाबाद एवढंच आई सांगायची, ते हैदराबादकडं कुठंतरी आहे म्हणे. (एक वाचक, औसा)

उत्तर : ताई, हैदराबादला जायचं तिकीट काढलं असेल तर रद्द करा. मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, निजामाच्या काळातलं नाव. औशाहून सकाळी निघालात तर दुपारी जेवायला घरी याल.

‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, नवरा. बाईचा बाप कागदावर येतच नाही, आणि लग्नात नाव बदलायची चाल, त्यामुळं सासरच्या कागदात तुम्ही कितीही खणलं तरी माहेर निघणार नाही. पण पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तुमच्या आईचा किंवा थोरल्या मामाचा जन्म कदाचित आजोळीच झालेला असणार, तर आजोबांच्या गावचं जन्म-मृत्यू रजिस्टर सोडा आणि माहेरच्या गावचं बघा, गाव नमुना १४, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. बाळाच्या बापाचं नाव आणि गाव लिहिलेलं असेल तर आजी कोणाच्या घरी आली होती ते त्या गावात विचारता येतं. दुसरं, आईच्या लग्नात मामाकडची मंडळी कुठून आली होती हे कोणाला आठवतंय का बघा, आहेराची वही जपलेली असेल तर उत्तमच.

माहेर अंबाजोगाई शहरात नसून तालुक्यात असेल हेही लक्षात असू द्या, लांबची माणसं तालुक्याचंच नाव सांगायची. आणि गावाचं नाव कळलं की खुर्द का बुद्रुक ते विचारून घ्या, एका नावाची दोन गावं शेजारीशेजारी असतात आणि तुमच्यासारख्या दोन गंगाबायांत अजून दोन गावं मिसळली तर मग मला पत्र लिहू नका! तुमच्या सासर-माहेरचे लातूर जिल्ह्यातले जुने कागद शोधताना जिल्हा उस्मानाबाद लिहिलेला दिसला तर चक्रावू नका, लातूर जिल्हा १९८२ ला झाला, त्याआधी त्यातलं बरंचसं तिकडंच होतं.

प्रश्न : आजोबांचं नाव शाळेत नामदेव रामराव, जमिनीच्या कागदावर नामदेव शंकरराव. गावातला एकजण म्हणतो ही दोन माणसं, तुम्ही कुणबी नोंदीसाठी दुसऱ्याचा कागद लावताय. जात पडताळणीत अडकेल का? (एक वाचक, अंबड)

उत्तर : दादा, २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमल्यापासून मराठवाड्यात घराघरात जुने कागद निघायलेत, मोडी वाचणाऱ्याला भाव आलाय, ते चांगलंच झालं. पण सारख्या नावाचा परका माणूस आपला म्हणून चिकटवायचे प्रकारही होतात, त्यामुळं गावातला माणूस शंका घेतोय म्हणून त्याच्यावर रागावू नका. पडताळणीला वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते, चुकलेली पिढी तिथं महागात पडते.

तुमच्या बाबतीत मला पहिला संशय दत्तकाचा येतो. रामराव आणि शंकरराव सख्खे किंवा चुलत भाऊ होते का? निपुत्रिक भावाला पुतण्या दत्तक देणं ही अगदी घरोघरची गोष्ट, मग शाळेत जन्मदात्याचं नाव आणि शेतावर दत्तक बापाचं. दत्तकपत्र नोंदवलेलं असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात त्याची नक्कल मिळेल. नोंदवलेलं नसेल तर शंकररावांच्या मृत्यूनंतरचा फेरफार वाचा, नामदेवचं नाव तिथं मुलगा म्हणून लागलंय, दत्तक म्हणून लागलंय की खरेदीदार म्हणून, या तीन शब्दांवर सगळं आहे. खरेदीदार निघाला तर गावातला माणूस खरा ठरायची शक्यता आहे, तेव्हा तो फेरफार हातात पडेपर्यंत शपथपत्रावर सही करू नका.